पट्टा जाळायचा दिवस

शुभंकर चिपळूणहून पहिल्या एसटीनं निघून पावणेसातला घरापुढच्या खळ्यात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. एरवी धाकटा मुलगा आला की आनंदीबाईंचा अर्धा दिवस त्याला खाऊ घालण्यात जाई. आज त्या ओटीवर नारळाला हळदकुंकू लावत बसल्या होत्या आणि त्यांची नजर मुलाच्या डोक्यावरून पश्चिमेला, माथ्यावरच्या मोकळ्या सड्याकडे लागली होती. सड्याच्या पलीकडून दोन दिवस धूर येत होता. काल तो एका बारीक रेघेइतका होता. आज त्याला रुंदी आली होती.

"आलास एकदाचा," थोरला भाऊ अनिल म्हणाला. "बरं झालं. सगळी कलमं जळल्यावर आला असतास तर बघायला काय उरलं नसतं."

शुभंकरनं पिशवी ओटीच्या कडेला ठेवली. संक्रांत झाली की पुढच्या रविवारी पट्टा जाळायचा, ही घराची रीत. बागेच्या सड्याकडच्या अंगाला दहा-बारा हात रुंदीचं गवत आपणच जाळून काळं करून ठेवायचं, म्हणजे पुढे वणवा आला तर त्याला तिथं खायला काही मिळत नाही. आणि त्याच रीतीतली दुसरी अट अशी, की जमिनीत ज्याचा ज्याचा वाटा आहे त्यानं तिथं जातीनं हजर राहायचं. वडिलांनी, गंगारामनी, देवाला गाऱ्हाणं घातलं की प्रत्येकानं आपल्या तोंडानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय काडी ओढायची नाही. शुभंकरनं यंदा ठरलेले तीन रविवार चुकवले होते. एकदा शाळेच्या परीक्षा आल्या, एकदा सासऱ्यांचं ऑपरेशन आलं, आणि एकदा नुसता कंटाळा आला. हा तिसरा रविवार त्यानं कुणाला नीट समजावून सांगितला नव्हता.

असा फेब्रुवारी सरत आला. कलमांवर कैऱ्या अंड्याएवढ्या झाल्या, सड्यावरचं गवत वाळून कागदासारखं झालं, आणि पट्टा मात्र तसाच राहिला.

"वारा दहापर्यंत असाच राहील," अनिलनं घड्याळाकडे बघत सांगितलं. सकाळचा वारा डोंगराकडून समुद्राकडे जातो, तोवर सड्यावरची आग तिकडेच अडकून राहते. "अकराला खारा वारा सुटला की सगळं आपल्या अंगावर. चला बाबा, उठा. नारळ घ्या."

गंगाराम उठले. शहात्तर वर्षांचं अंग, पण पट्ट्याच्या दिवशी ते काठी घेत नसत. त्यांनी नारळ हातात घेतला, डोक्याला पंचा गुंडाळला, आणि तेवढ्यात पडवीच्या खांबाला टेकून उभी असलेली मथुरा म्हणाली, "मी व्हय म्हणणार नाय."

मथुरा ही गंगारामची थोरली मुलगी. दाभोळला दिली होती, नवरा गेल्यावर बारा वर्षांपूर्वी परत आली आणि बागेच्या कामात अशी मिसळली की ती कधी गेली होती हेच लोक विसरले. बोलायची कमी. त्यामुळे ती जे बोलली ते सगळ्यांना दोनदा ऐकल्यासारखं झालं.

"काय म्हणालीस, आक्का?" अनिलनं विचारलं.

"गनीभायच्या कोपऱ्यावरची करवंदीची जाळी हाय ना, आपल्या पट्ट्यातच येते ती. तिच्यात वाघिणीची पिल्लं हायत. दोन. आठ दिवस झाले, वाळल्या पानांचा पातेरा गोळा करायला गेले तवा बघितली. डोळे आता उघडलेत. पट्टा लावलास तर भाजून मरतील. मी व्हय म्हणणार नाय."

कोकणात बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि वाघ म्हटल्यावर खळ्यातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वेगवेगळं काहीतरी आलं. अनिलच्या चेहऱ्यावर राग आला. त्याची बायको मालन मात्र आधी गोठ्याकडे बघू लागली.

*

मालनला त्या वाघिणीशी वैर धरायला कारण होतं. श्रावणात तिची पाडी गेली होती. चांदी तिचं नाव. सकाळी गोठ्यात दावं तुटलेलं आणि भिंतीला रक्त. मालन तीन दिवस जेवली नव्हती, आणि तेव्हापासून ती संध्याकाळी सहानंतर अंगणात एकटी उभी राहत नसे. रोज झोपण्याआधी गोठ्याची कडी तीनदा बघे.

"आठ दिवस म्हायती हाय तुला?" तिनं मथुराला विचारलं. "आठ दिवस आमी त्या जाळीवरनं कलमांत जातंव. मी जाते. दिशा जाते. आणि तू बोलली नायस, वन्सं."

"बोलले असते तर काय केलं असतं तुमी?"

काय केलं असतं ते दोघींनाही ठाऊक होतं. वाडीतल्या चार जणांनी काठ्या घेतल्या असत्या.

"आक्का, माणसांचं बघ आधी," अनिल म्हणाला. त्याचा आवाज चढत नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "एकशे चाळीस कलमं. त्यातली साठ मी माझ्या हातानं लावली. पंधरा वर्षं पाणी घातलं खांद्यावरनं. ती गेली तर मी पन्नाशीला पुन्हा रोपटी लावू? कोणासाठी? दिशासाठी? ती म्हातारी होईपर्यंत थांबेल?"

"मला मध्ये घेऊ नका," दिशा म्हणाली. ती अनिलची मुलगी, रत्नागिरीला कॉलेजात, रविवारी घरी. तिच्या कानाला फोन होता आणि ती पायरीवरून उतरत होती. "मी वनखात्याला लावलाय. थांबा."

ती बोलत असताना सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. बोलणं झाल्यावर तिनं फोन खाली घेतला. "गार्ड म्हणतात, पिल्लांना हात लावू नका, जाळी पेटवू नका, आई जवळपासच असणार. ते लोक पलीकडच्या गावात दुसऱ्या वणव्यावर आहेत. दुपारी दोनच्या आत येणं होणार नाही."

"दोनला येऊन काय राख चाळणार?" अनिल म्हणाला.

शुभंकरनं घसा साफ केला. इतका वेळ तो आपल्या अपराधाचं ओझं घेऊन कोपऱ्यात उभा होता. आता त्याला ते कुठे तरी उतरवायला जागा दिसली. "दादा, आक्का म्हणते त्यात काही चूक नाही. एक दिवस थांबलो तर..."

"तू बोलू नकोस," अनिल म्हणाला. "तुझ्या एका-एका रविवारामुळे हा दिवस आलाय. जानेवारीत लावला असता पट्टा, तवा ही पिल्लं जन्मालाही आली नव्हती."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे शुभंकरला ते सोसलं नाही. "मग मला मुळात कशाला यावं लागतं? मी शाळेत मुलांना शिकवतो, मला पट्ट्यातलं काय कळतं? तू इथं आहेस, बाबा आहेत. लावायचा ना. हे प्रत्येकानं हजर राहायचं, व्हय म्हणायचं, हे कुठून आलं? गावात आणखी कोण करतं असं?"

प्रश्न बरोबर होता. वाडीत दुसरं कुणी करत नव्हतं. बाकीच्यांच्या घरी एक माणूस जाऊन काडी लावून येई. आनंदीबाईंनी हळदीची वाटी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. गंगारामनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"देवाची रीत हाय," ते म्हणाले. "वर चला. तितं बघू."

*

बागेतून वर चढायला वीस मिनिटं लागतात. अनिल पुढे, पाठीवर फवारणीचा पंप. मागे मालन आणि दिशा विळे, कोयत्या घेऊन. शेजारचे गनीभाय खालच्या काजूच्या बागेतून आपला पंप आणि पाण्याचं पिंप टेम्पोत घालून आले होते. आग त्यांच्याही बागेला सोडणार नव्हती. त्यांनी सगळ्यांचे चेहरे बघितले आणि म्हणाले, "आज कोण कोणाशी बोलत नाय ते आधी सांगा. म्हंजे मी चुकून भलत्याला हाक मारायचो नाय." कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी टेम्पो वरच्या वाटेला लावला.

वर पोचल्यावर सगळं उघडं दिसलं. समोर सपाट सडा, त्यावर पिवळं गवत कमरेपर्यंत. सड्याच्या पलीकडच्या काठावर धुराची भिंत आणि तिच्या बुडाशी अधूनमधून नारिंगी रेघ. उजवीकडे गनीभायच्या हद्दीचा कोपरा आणि तिथं करवंदीची हिरवी, दाट जाळी, एका खोलीएवढी. जाळीपासून चाळीस पावलांवर गवतातून एका जुन्या गोठ्याचं चिऱ्याचं जोतं डोकं काढून होतं.

शुभंकर जाळीकडे बघत राहिला. तिथं काहीही हलत नव्हतं. वाघीण आत आहे की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायची कुणाची हिंमत नव्हती. चिपळूणला पुराचं पाणी जिन्यापर्यंत आलं तेव्हाही तो असा घाबरला नव्हता. पाणी निदान डोळ्यांना दिसतं.

"आक्का," अनिल हळू आवाजात म्हणाला, "शेवटचं विचारतोय. तू व्हय म्हणतेस का नाय?"

मथुरा जाळीकडे तोंड करून उभी होती. "तू आठ वर्षांचा हुतास. तुला आठवत नाय. मी बारा वर्षांची हुते. सखाकाकाचा गोठा पेटला तवा मी हितंच, ह्या बांधावर उभी हुते. आत दोन बैल दाव्याला बांधलेले. मना त्यांचं हंबरणं ऐकू आलं, मग त्यांचा आवाज बदलला, मग बंद झाला. मना अजून तो आवाज येतो, अनिल. कणगीत भात ओतताना येतो, कुणी ओरडून हाक मारली की येतो. दुसऱ्यांदा मी ऐकणार नाय. तुमी पट्टा लावा, पण मी व्हय म्हणणार नाय."

"तो वणवा होता. सड्यावरनं आलेला," अनिल म्हणाला. "त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

मथुरानं वडिलांकडे पाहिलं नाही. न पाहण्याचं तिला अडतीस वर्षांचं वळण होतं.

"पट्टा सरळच न्यायला हवा का?" मालननं विचारलं.

सगळे तिच्याकडे वळले. मालन स्वतःच्याच आवाजानं दचकल्यासारखी झाली, पण थांबली नाही. "जाळीच्या आतल्या अंगानं नको, भायेरच्या अंगानं न्या. सड्याकडनं वळसा घालून. आता वारा तिकडंच वाहतोय, आग तिकडंच जाईल, जाळीला लागणार नाय. पलीकडचं गवत जळून जाईल आणि वणव्याला पण खायला काय उरणार नाय."

गनीभायनी मान हलवली. "बरोबर बोलतेस, भाभी. पण ती जमीन..."

ती जमीन सखारामची होती. गंगारामचा धाकटा भाऊ. गोठा जळला त्या वर्षी बायको-मुलं घेऊन राजापूरला गेला तो परत ह्या बांधावर चढला नाही. त्याचा वाटा पड होता. तिथं कुणी गवत कापत नसे, कुणी गुरं घालत नसे, आणि गंगारामनी अडतीस वर्षांत तिथं पाऊल टाकलं नव्हतं. सखारामच्या परवानगीशिवाय तिथं आग लावायची, म्हणजे ह्या घराची सगळी रीत उलटी करायची.

"वाटेकऱ्याचं व्हय पाहिजे," अनिल कडवटपणे म्हणाला. "तुमचीच रीत, बाबा. आता काय करता? राजापूरला माणूस धाडता?"

सव्वाआठ वाजले होते. गंगाराम बांधावर बसले.

"ही रीत देवाची नाय," ते म्हणाले. "माझी हाय. मी घातली. त्या वर्षानंतर."

*

आनंदीबाई मागून दम घेत चढत आल्या होत्या आणि त्यांनी ते वाक्य ऐकलं. लग्नाला अठ्ठावन्न वर्षं झाली होती. ह्या एका वाक्याची त्यांनी त्यातली अडतीस वर्षं वाट पाहिली होती. आता ते आलं तेव्हा त्यांना आनंद झाला नाही. नवऱ्याची कीव आली आणि थोडा रागही आला, की एवढी आग समोर उभी राहायला लागली.

त्या कुणाशी काही न बोलता दिशापाशी गेल्या. "लाव," त्या म्हणाल्या. दिशानं फोन काढला आणि नाव न शोधता नंबर लावला.

"तुझ्याकडे नंबर आहे?" अनिलनं विचारलं.

"आजी दर गणपतीला माझ्या फोनवरून बोलते," दिशा म्हणाली. "आजोबांना सांगायचं नाही असं ठरलं होतं."

गंगारामनी बायकोकडे बघितलं. आनंदीबाईंनी नजर वळवली नाही. "तुमी एक लपवलंत, मी एक लपवलं," त्या म्हणाल्या. "बोला आता."

सड्यावर रेंज चांगली असते, घरापेक्षा चांगली. दिशानं स्पीकर लावून फोन गंगारामच्या हातात दिला.

"सखा, मी गंगाराम बोलतंय."

पलीकडे कुठे तरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"ऐकतंय," सखाराम म्हणाला. दादा म्हणाला नाही.

"तुझ्या पडीत पट्टा लावायचाय. सड्यावर वणवा हाय, अकराला खाली येईल. जाळीत वाघिणीची पिल्लं हायत, म्हणून पट्टा भायेरच्या अंगानं न्यायचाय. तुझ्या जोत्यापास्नं."

"वैनी बरी हाय ना?"

"हाय. हितंच हाय."

"मग तिला विचारायला लाव. तुझ्याशी माझं काय बोलणं नाय."

गंगारामनी फोन दोन्ही हातांत धरला. सगळे उभे होते. मुलगे, मुलगी, सून, नात, आणि शेजारचा गनी, ज्याच्या बापानं त्या दिवशी ओल्या फांद्यांनी आग झोडपून विझवली होती. ह्या सगळ्यांसमोर बोलायचं नसतं तर गंगाराम कदाचित आणखी थोडे थांबले असते, आणि थांबण्यात त्यांचं आयुष्य तसंही संपत आलं होतं.

"सखा, त्या वर्षी वणवा सड्यावरनं आला नवता. पट्टा मी लावला. तू राजापुरास गेला हुतास, तुझ्या गोठ्याभोवतीचं गवत तसंच हुतं. मना ते दिसत हुतं. तू रविवारी येतो म्हणाला हुतास, पण मना घाई. म्हटलं, जाळ तितपर्यंत नाय जायाचा. बैलांना वैरण मीच घातली त्या सकाळी. दाव्याला मीच बांधले. आणि मग मीच काडी लावली."

अनिलनं डोक्यावरची टोपी काढली आणि नुसती हातात धरून उभा राहिला. मथुरानं डोळे मिटून घेतले.

"मना म्हायती हाय," सखाराम म्हणाला.

"काय?"

"राख थंड झाल्यावर मी येऊन बघितलं. गोठ्याच्या मागचं, सड्याकडचं गवत उभं हुतं. सड्यावरनं आलेला वणवा सड्याकडचं गवत ठेवून येत नाय. म्हायती हुतं मना. तू सांगशील म्हणून थांबलो हुतो. वरीसभर थांबलो, दोन वरसं थांबलो. मग थांबायचं सोडून दिलं."

धुराचा वास आता सगळ्यांना येत होता.

"आता सांगितलंस ते का सांगितलंस?" सखारामनं विचारलं. "जमीन पाहिजे म्हणून?"

"व्हय," गंगाराम म्हणाले. "जमीन पाहिजे म्हणून. पण खरं हाय ते."

पलीकडून श्वास ऐकू आला. मग तो म्हातारा आवाज एकदम कामाचा झाला. "वारा कुठला हाय?"

"डोंगराकडचा. अजून पडला नाय."

"मग सड्याकडनं लावू नको. जोत्याला धरून आतल्या कडेनं लाव, हळूहळू सरकू दे. जोत्याच्या उत्तरेला एक घळ हाय, तितं गवत दडून असतं, ते कापल्याबिगर काडी लावू नको. आणि गाऱ्हाणं घाल. मी ऐकतंय."

गंगाराम जोत्याकडे चालत गेले. पडीत त्यांचं पहिलं पाऊल पडलं तेव्हा आनंदीबाईंनी पदर तोंडाला लावला. गंगारामनी फोन जोत्याच्या चिऱ्यावर ठेवला, नारळ पुढे धरला आणि सुरुवात केली. "हे बा राखणदारा म्हाराजा, ह्या सड्याच्या, ह्या कलमांच्या, ह्या जाळीतल्या जीवांच्या मालका. आज पट्टा लावतंव. कोणाच्या गुराला, कोणाच्या पिल्लाला धग लागू नको दे. चुकलंमाकलं पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आनंदीबाई म्हणाल्या. अनिल म्हणाला. शुभंकर म्हणाला. मथुरानं जाळीकडे बघितलं, मग जोत्याकडे, आणि तीही म्हणाली, "व्हय म्हाराजा."

चिऱ्यावरच्या फोनकडे सगळे बघत राहिले.

"मी आता म्हणणार नाय," सखाराम म्हणाला. "इझल्यावर म्हणीन. आदी इझवून दाखव."

अनिलनं वडिलांकडे पाहिलं. एका वाटेकऱ्याचं व्हय नाही. बाबांनीच सकाळपासून ह्याच अटीवर सगळ्यांना अडवून ठेवलं होतं. गंगारामनी नारळ चिऱ्यावर फोडला.

"मागच्या खेपेला त्याला विचारलंच नव्हतं," ते म्हणाले. "आता विचारलंय. त्याचं तो म्हणेल तवा म्हणेल. गवत कापा."

*

पुढच्या सव्वा तासात कुणी कुणाशी वाकडं बोललं नाही, कारण बोलायला श्वास नव्हता. मालन आणि मथुरा शेजारी-शेजारी वाकून विळे चालवत होत्या. शुभंकरच्या मऊ हातांना पहिल्या दहा मिनिटांतच फोड आले, पण त्यानं कुणाला दाखवले नाहीत. अनिल कापता-कापता मान वळवून जाळीकडे बघे, पुन्हा कापे. दिशा मोठ्यानं वेळ सांगत होती, जशी परीक्षेत सांगतात, आणि प्रत्येक वेळी आकडा ऐकून विळे आणखी जोरात चालत.

घळीतलं गवत कापायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सखारामनं सांगितलं नसतं तर ती घळ कुणाच्या लक्षातच आली नसती.

दहाला दहा मिनिटं कमी असताना गंगारामनी काडी ओढली. आग आधी नाखुशीनं सरकली, मग तिनं गवत धरलं आणि डोंगराकडच्या वाऱ्यानं सड्याकडे तोंड करून चालू लागली. गनीभाय आणि अनिल दोन्ही बाजूंनी पंपानं कडा भिजवत होते. बाकीचे ओल्या फांद्यांनी झोडपत होते. काळी रेघ लांबत गेली. वीस हात, चाळीस, शंभर. शेवटचा तुकडा जाळीच्या समोरचा राहिला होता.

आणि वारा पडला. एकदम. पानसुद्धा हलेना. साडेदहासुद्धा वाजले नव्हते.

"लवकर," अनिल म्हणाला. "लवकर, लवकर."

खारा वारा आला तो आधी कानाला लागला, मग गवताला. सड्याच्या पलीकडची धुराची भिंत वाकली आणि त्यांच्या दिशेनं चालत सुटली. जाळीच्या समोर अजून पंधरा हात गवत उभं होतं, आणि त्याची जळती कड आता मागे वळून जाळीकडे तोंड करू लागली.

मालननं गनीभायच्या हातातून पंपाची लांब नळी ओढून घेतली. "पाणी सोडा," ती म्हणाली आणि जाळीकडे धावली. मथुरानं तिला हाक मारली, पण ती थांबली नाही. जाळीपासून पाच पावलांवर तिनं नळी उघडली, गवत भिजवलं, मग करवंदीच्या कडेच्या फांद्या भिजवल्या. एक ठिणगी उडून पाल्यात पडली. तिनं तिच्यावर पाणी मारलं.

तेव्हा आतून आवाज आला. गुरगुरणं. खोल, हळू, अगदी जवळचं. वाघीण आत होती. सकाळपासून आत होती.

मालननं नळी सोडली नाही. पाठ वळवली नाही. श्रावणात भिंतीला लागलेलं रक्त तिला आठवलं, चांदीचं तुटलेलं दावं आठवलं, आणि ती मोठ्यानं म्हणाली, "बस आत. कुठं जाऊ नको. पोरं सांभाळ." पाणी मारत-मारत ती एक-एक पाऊल मागे आली. बांधावर पोचल्यावर मथुरानं तिला दोन्ही हातांनी धरलं. दोघी तशाच मातीत बसल्या.

वणवा अकराच्या आधीच आला. सगळा सडा पेटत आला, तडतडत, धुरानं डोळे बंद करत, आणि काळ्या पट्ट्यापाशी येऊन थांबला. त्याला खायला काही नव्हतं. दोन ठिकाणी त्यानं उडी मारायचा प्रयत्न केला. एक ठिकाण अनिलनं झोडपलं, दुसरं शुभंकरनं, फोडाच्या हातांनी. मग ज्वाळा बुटक्या झाल्या आणि नुसता धूर राहिला.

कलमं उभी होती. कैऱ्यांवर राख बसली होती, एवढंच. करवंदीची जाळी सड्याकडच्या अंगानं थोडी करपली होती, बाकी हिरवी होती.

अनिल मथुरापाशी गेला. "आक्का," तो म्हणाला, "उद्या त्या वाटेनं कुणी जायचं नाय. मी सांगतो सगळ्यांना. खालच्या वाटेनं जाऊ." मथुरानं मान हलवली. पट्टा पेटल्यापासून तिला बैलांचा तो आवाज एकदाही आला नव्हता, हे तिला त्या वेळी जाणवलं, पण तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

शुभंकर पाणी प्यायला खाली बसला, आणि तेव्हा दिशाला फोनची आठवण झाली. तो जोत्याच्या चिऱ्यावर तसाच होता, वर राखेचा पातळ थर. तिनं उचलून पुसला. काचेवर वेळ धावत होती. दोन तास छत्तीस मिनिटं.

"आजोबा," ती म्हणाली. "फोन बंद झालेला नाहीये."

गंगाराम आले. त्यांनी फोन हातात घेतला आणि कानाला लावला, स्पीकर चालू आहे हे विसरून. "सखा?"

"ऐकतंय," सखाराम म्हणाला. त्याचा आवाज बसलेला होता. इतका वेळ तो राजापुरात आपल्या घरात बसून हा तडतडाट ऐकत होता. अडतीस वर्षांपूर्वीचा ऐकायला तो इथं नव्हता. "कोणाचा तरी आवाज आला मधे. गुरगुरल्यासारखा."

"वाघीण. आत हुती."

"पिल्लं?"

"हायत. जाळी उभी हाय."

"इझला?"

गंगारामनी सड्याकडे बघितलं, मग जोत्याकडे. त्या जोत्यावर कधी काळी दोन बैल उभे राहत आणि त्यांच्या शिंगांना बेंदराला सखाराम स्वतः रंग लावी. "इझला," ते म्हणाले. "ह्या खेपेला इझला, सखा."

धूर सड्यावरून वर चढत होता. आनंदीबाई फोनच्या जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"व्हय म्हाराजा," सखाराम म्हणाला. आणि मग, थोड्या वेळानं, "दादा, पुढच्या संक्रांतीला पट्टा कुठल्या रविवारी हाय, ते आधी कळव."